भिडेखातर

आमच्या वाचनालयाची सूचनावही माझ्याच टेबलावर असायची. लाल पुठ्ठ्याची, पेन दोऱ्यानं बांधलेलं. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झालो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, सव्वीस वर्षांत, त्या वहीत एकही तक्रार आली नाही, आणि दर वार्षिक सभेत अध्यक्ष हे छाती फुगवून सांगायचे. तक्रार का येत नाही ते मला पक्कं ठाऊक होतं. वही माझ्या नाकासमोर, लिहिणारा रोजच्या ओळखीचा, संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला गेला की पुन्हा माझ्याच समोर येणार. पंखा कुरकुरतो, किंवा दिवाळी अंक आधी ग्रंथपालांच्या घरी जातात, असं माझ्या देखत लिहायचं म्हणजे माणसाला भीड पडते. हे ठाऊक असलेला माणूस मी. त्यामुळे पुढे जे घडलं त्याबद्दल 'मला काय कल्पना' असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.

मी श्रीरंग पाटणकर, मुक्काम कऱ्हाड. मुलगी ऋजुता फिजिओथेरपी शिकायला अमेरिकेला गेली त्याच वर्षी मी निवृत्त झालो. जाण्याआधी तिनं माझ्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. 'लाँग रिव्हर' त्याचं नाव. म्हणाली, "बाबा, हे खेळा. नाहीतर तुम्ही स्वयंपाकघरात शिरून आईचे डबे विषयवार लावायला घ्याल."

खेळातली अमेरिका वेगळी होती. स्वातंत्र्ययुद्ध झालेलं, पण डोंगरांपलीकडच्या वसाहती नव्या संघराज्यात गेल्याच नाहीत. ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या काठानं त्यांनी स्वतःचं नदी-प्रजासत्ताक काढलं, आणि राजधानी बांधली ती दोन्ही नद्यांच्या संगमावर. खेळ करणारी कंपनी दोन भाग काढून बुडाली आणि त्या देशाचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही. एवढ्या भांडवलावर जगभरची नऊ-दहा हजार माणसं बारा वर्षं एका फोरमवर भांडत होती. नद्यांवरून फिरणाऱ्या नावांवर कोर्टं भरतील का? मूळ रहिवासी राष्ट्रांना विधानसभेत एक तृतीयांश जागा मिळाल्या तर जमिनीचे कायदे कसे होतील? शाळा फ्रेंचमध्ये की इंग्रजीत? राष्ट्राध्यक्ष असेल, की जुन्या नावाड्यांचं मंडळ? संगमावर राहणाऱ्या गावाचा स्वभाव कसा असतो यावर कोणीतरी अगदी चुकीचं लिहिलं होतं. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या गावात जन्म गेलेल्या मला ते बघवेना. मी उत्तर लिहिलं, आणि अडकलो तो अडकलोच. दोन वर्षांत मी फोरमचा एक व्यवस्थापक झालो. सगळे मला लायब्रेरियन म्हणत.

तिथेच मार्लीन भेटली. ओहायो नदीजवळच्या एका लहान गावात राहणारी, एकाहत्तर वर्षांची, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. नदी-प्रजासत्ताकातले रस्ते आणि पूल तिच्याकडे होते. एखाद्या पुलाची रुंदी दोन फूट चुकली तरी ती सोडत नसे. मी तिला प्रीतिसंगमाचा फोटो पाठवला तेव्हा तिनं तो फोरमवर आपल्या नावापुढे लावला. इंग्रजीत तू-तुम्ही एकच, पण तिचं लिहिणं मी मनात 'तुम्ही' असंच वाचत आलो.

दोन हजार तेहतीस साली एका अमेरिकी प्रयोगशाळेचं पत्र फोरमवर आलं. त्यांनी समाज चालवून बघायचं यंत्र तयार केलं होतं. यंत्र म्हणजे प्रोग्रॅमच, पण त्यात बारा लाख माणसं राहत होती. पूर्ण माणसं नव्हेत. प्रत्येकाला भूक, भीती, ओढ, आठवण अशी पाच-सहा मापं, शंभरेक इतरांशी नाती, आणि संगणकाचा एक छोटा मेंदू. त्या मेंदूला दर पावलाला एकच प्रश्न विचारला जाई: तुझी अवस्था अशी आहे, समोर हा माणूस आहे, आता तू काय करशील? बारा लाखांची उत्तरं एकमेकांना भिडत आणि त्यातून पुढचा दिवस तयार होई. एक कायदा घातला की दुपारभरात त्याची पन्नास वर्षं बघता येत.

अडचण एकच होती. खऱ्या इतिहासावर हे यंत्र तपासता येईना. १८५० पर्यंतची जनगणना देऊन १८८० चं चित्र विचारलं की उत्तर हुबेहूब येई, पण त्यात मर्दुमकी कसली? त्या मेंदूंनी सगळी पुस्तकं आधीच वाचलेली. पेपर फुटल्यावर पहिला आलेला विद्यार्थी तो. त्यांना असा देश हवा होता, ज्याचं पुढे काय झालं हे कुठेच छापलेलं नाही, पण ज्याचे रस्ते, शाळा, कोर्टं, घराणी, भांडणं सगळं कोणीतरी जिवापाड बारकाव्यानं लिहून ठेवलं आहे. असा देश आमच्याकडे होता. आमचा फोरम त्यांनी त्या मेंदूंच्या वाचनातून मुद्दाम वगळला होता. अशा देशात कायदा शंभरदा चालवून शंभरदा एकच निकाल आला, तर तो पाठांतराचा नाही, माणसाच्या स्वभावातून आला, असं त्यांचं म्हणणं. यंत्र आम्हाला फुकट वापरायला मिळणार होतं आणि निष्कर्षांची मालकी प्रयोगशाळेची. आम्ही सगळ्यांनी 'मान्य'वर बोट दाबलं.

फोरमवर त्या यंत्राला 'मिल' म्हणू लागले. मी घरी गिरणी म्हणे. दुपारी मी कॉम्प्युटर लावला की शालन, म्हणजे माझी बायको, विचारायची, "आज काय टाकलंय दळायला?"

नदी-प्रजासत्ताकापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न नवागतांचा होता. पूर्वेकडच्या राज्यांतल्या गुलामगिरीतून पळालेली माणसं डोंगर ओलांडून येत, युरोपातून उपासमारीनं हाकललेली येत. दार उघडं ठेवलं की गिरणीतून वीसेक वर्षांत दंगली निघत. दार लावलं की नदीत प्रेतं. तीन महिने आम्ही हरत होतो. मग मला आमच्या वाचनालयाचा छापील अर्ज आठवला.

आमच्याकडे सभासद व्हायला जुन्या सभासदाची शिफारस लागे, अर्जाखाली त्याची सही. नव्यानं पुस्तक बुडवलं तर जुन्याला पुस्तक मिळणं बंद. आणि १९३१ च्या घटनेत एक कलम होतं: 'शिफारस करणारा सभासद आपली शिफारस केव्हाही मागे घेऊ शकेल, त्याकरिता कारण देण्याची आवश्यकता नाही.' मला हे कलम फार शहाणपणाचं वाटायचं. गाव लहान. कारण द्यायचं म्हटलं की दोन घरांत अबोला, लग्नकार्यात तोंडं फिरवणं. त्यापेक्षा कारणच नको. माझ्या सव्वीस वर्षांत कोणीही शिफारस मागे घेतली नव्हती.

मी ते जसंच्या तसं गिरणीत टाकलं. नवागताला एका रहिवाशाच्या सहीवर घर आणि काम. नवागतानं वाद केला तर सही करणाऱ्याचं मत दोन वर्षं बंद. सही केव्हाही मागे घेता येईल, कारण द्यावं लागणार नाही, मग नवागतानं तीस दिवसांत निघायचं.

दंगली थांबल्या. शंभरपैकी शंभर वेळा. फोरमवर त्याला लायब्रेरियनचा कायदा असं नाव पडलं. पोर्तुगालपासून फिलिपाइन्सपर्यंतची माणसं माझं अभिनंदन करत होती. आयुष्यात माझ्या नावाचं काही झालं ते हे पहिलंच, आणि मी ते दिवसातून चारदा उघडून बघत होतो.

तसंच बघताना मला तो रकाना दिसला. 'नवागतांच्या तक्रारी.' पहिल्या वर्षी चार हजार एकशे बारा. पाचव्या वर्षी तीनशेच्या आसपास. अकराव्या वर्षी शून्य, आणि मग पन्नासाव्या वर्षापर्यंत शून्यच. मालक, घरमालक, शाळा, कोर्ट, कशाबद्दलही कोणाही नवागताची काही तक्रार नाही. मला लगेच लाल पुठ्ठ्याची वही आठवली. मी खाली सरकून दुसरा तक्ता उघडला.

मार्लीननं मात्र तो रकाना सगळ्यांपुढे मांडला. तिनं लिहिलं, "माणूस एका मालकाकडून जीव मुठीत धरून पळून आला, आणि आपण त्याला दुसऱ्याच्या सहीवर ठेवतोय. ही माणसं सुखी नाहीत, लायब्रेरियन. गप्प आहेत."

मी उत्तर दिलं, "सही मालकाची नाही, शेजाऱ्याची आहे. बसमधली पोरं गप्प बसली की ड्रायव्हरला चुकल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकतो." लोकांना गंमत वाटली. मग चर्चा विषय सोडून जाते आहे असं कारण देऊन मी तो धागाच बंद केला. व्यवस्थापकाला तो अधिकार असतो.

चार दिवसांनी प्रयोगशाळेच्या डॉ. लिंडक्विस्ट यांचा प्रश्न आला. नवागतांच्या भीतीचं माप तर खालीच आहे, मग ते बोलत का नाहीत? हे नेमकं काय आहे, याला आमच्याकडे शब्द नाही. माझ्याकडे होता. मी अकराशे शब्दांचा लेख लिहिला. भीड म्हणजे भीती नव्हे. ज्यानं आपल्यासाठी शब्द टाकला त्याला आपल्यामुळे खाली बघायला लागू नये, म्हणून माणूस स्वतःचं दुखणं गिळतो ती भीड. आमच्याकडे माणसं भिडस्त असतात, एखाद्याची भीड मोडवत नाही, भिडेखातर आम्ही न आवडणारं जेवण दोनदा वाढून घेतो. लेख लोकांना फार आवडला. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण तेवढी मी त्यात घातली नाही. लेखाच्या सुरात ती बसत नव्हती.

दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, ऋजुताचा फोन आला. तिचं शिक्षण संपून ती नोकरीला लागली होती. तिच्या राज्यात नवा कायदा झाला होता, शेजार कायदा. बाहेरून आलेल्या प्रत्येकानं सहा महिन्यांत एका स्थानिक मतदाराची सही आणायची, बाकी अटी गिरणीतल्याच. प्रयोगशाळेतून निघालेल्या एका सल्लागार कंपनीनं त्याचं गुळगुळीत माहितीपत्रक काढलं होतं. ते तिनं मला पाठवलं. तिसऱ्या पानावर रोमन लिपीत माझा शब्द होता, 'भीड', आणि पुढे अर्थ दिला होता: परस्पर आदर.

"बाबा, हे तुमच्या खेळातलं आहे ना?"

"तसं काहीसं," मी म्हणालो.

"माझा सुपरवायझर सही देतो म्हणतोय. पण त्याचं हसणं मला आवडत नाही. तुमच्या ओळखीचं आहे का कोणी इकडे?"

ओळखीचं होतं. त्याच राज्यात, दीडशे मैलांवर. मार्लीनला ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. तिचं उत्तर तासाभरात आलं. "कायदा वाईट आहे, हे मी तेव्हाही म्हणाले होते. मुलगी मात्र तुमची आहे. कुठे सही करू?" खाली आणखी एक ओळ होती. तिच्या गावातल्या एकुलत्या एका वृद्धनिवासात तिचा थोरला भाऊ वॉल्टर राहतो, तिथे फिजिओथेरपिस्ट हवी आहे, मुलीला विचारून बघा. ऋजुताला लहान गाव आवडलं. महिनाभरात ती तिकडे राहायला गेली.

आमची ऋजुता जन्मजात तक्रारखोर. पहिलीत असताना, बाई फळा नीट पुसत नाहीत म्हणून ही एकटी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली होती. अमेरिकेत गेल्यावर दर रविवारी सकाळी तासभर फोन, आणि तासभर गाऱ्हाणी. तूरडाळ शिजत नाही, बर्फात बूट गळतात, वरच्या मजल्यावरचा माणूस ट्रंपेट शिकतोय. शालन स्पीकर लावून पोह्यांसाठी कांदा चिरायची आणि मधूनमधून म्हणायची, "बरं, पुढे?"

एका रविवारी फोन सात मिनिटांत संपला. शालन सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो, पोरीला बरं नाहीये का?"

"का? छान आहे म्हणाली की."

"तेच म्हणतेय मी. सहा रविवार झाले, सगळं छान आहे. एक तक्रार नाही."

चार हजार एकशे बारा, तीनशे, शून्य. मी गच्चीवर गेलो आणि तिला पुन्हा फोन लावला. आधी ती काही नाही, काही नाही करत राहिली. मग बोलली.

निवासात माणसं कमी होती, म्हणून म्हाताऱ्यांना दुपारी शांत राहायच्या गोळ्या देत होते. ज्यांना गरज नाही त्यांनाही. गोळी घेतलेला माणूस खुर्चीत पडून राहतो, घंटा वाजवत नाही, कोणाला उठावं लागत नाही. वॉल्टर सहा महिन्यांपूर्वी वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जायचा आणि मालगाडीचे डबे मोजायचा. आता तो उभा राहू शकत नव्हता.

"मी मॅनेजरबाईंना लेखी द्यायला गेले होते, बाबा. त्यांनी कागद घेतलाच नाही. म्हणाल्या, तुझ्यासाठी सही कोणी केलीय त्याचा विचार कर. धमकी नव्हती हं. खांद्यावर हात ठेवून, हसून म्हणाल्या."

"आणि मार्लीनबाई?"

"त्यांना वाटतं, वय झालं म्हणून झोपतो. दर बुधवारी येतात, त्याचा हात धरून बसतात. माझ्यासाठी केक आणतात. मी वर तक्रार केली की निवासवाले ती वाद म्हणून नोंदवणार, आणि मार्लीनचं मत जाणार. अठराव्या वर्षापासून त्यांनी एक मतदान चुकवलेलं नाही, बाबा. मला सगळ्यांची नावं सांगत होत्या, कोणाला कधी मत दिलं ते."

"मग त्यांनाच विचार, करू का म्हणून."

"विचारलं की त्या करच म्हणणार. त्यांना दुसरं काही म्हणताच येणार नाही. म्हणजे ते मागितल्यासारखंच झालं ना?"

माझ्या अकराशे शब्दांत हे इतकं नेमकं आलं नव्हतं. तिला काय सांगायला हवं ते मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं: फोन ठेव, मार्लीनकडे जा, वॉल्टरचं सांग. पण ह्या बाईचा धागा मी बंद केला होता, चारचौघांत तिची टिंगल केली होती, आणि वर तिच्याचकडे सही मागितली होती. आता त्याच सहीपायी तुमचं मत घालवा, असं माझ्या घरातून तिच्या दारात कसं जायचं? मला भीड पडली.

"थोडं थांब," मी म्हणालो. "मी बघतो काय करता येईल ते."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला. बापानं आपल्या डोक्यावरचं ओझं घेतलं असं तिला वाटलं असणार.

मी काही केलं नाही. रोज दुपारी मार्लीनच्या नावाचं पत्र उघडायचो, चार ओळी लिहायचो, पुसायचो. एकदा पुलांबद्दल काहीतरी विचारून तेच पाठवून दिलं. तिनं लगेच उत्तर दिलं, आकृतीसकट. असे तीन आठवडे गेले.

मग एका मंगळवारी दुपारी वॉल्टर गोळीच्या गुंगीत खुर्चीतून उठायला गेला आणि पडला. खुब्याचं हाड मोडलं. नऊ दिवसांनी तो गेला.

फोरमवर मार्लीननं लिहिलं, "माझा भाऊ वॉल्टर गेला. शेवटचे काही महिने तो फार झोपायचा. आपल्या लायब्रेरियनची मुलगी त्याच्याशी अखेरपर्यंत फार मायेनं वागली." खाली साठ-सत्तर जणांनी हळहळ व्यक्त केली होती. त्यात मीही होतो. 'तुमच्या दुःखात सहभागी आहे' असं मी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

दोन दिवसांनी तिचं खासगी पत्र आलं. "एक विचारायचं होतं. अंत्यविधीच्या वेळी तुमची मुलगी माझ्यासमोर आली आणि तिला बोलताच येईना. शेवटी एकच शब्द म्हणाली, भीड. मी म्हणाले, म्हणजे काय? ती म्हणाली, बाबांना विचारा. माहितीपत्रकात परस्पर आदर असा अर्थ दिलाय. तो बरोबर वाटत नाही. त्या शब्दाचा खरा अर्थ काय आहे?"

मी ऋजुताला फोन केला. "तू का नाही सांगितलंस त्यांना?"

"मी सांगणारच आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिलीतली ती पोरगी परत आली होती. "सोमवारी तक्रार देतेय. त्यांना सोबत घेऊन देणार आहे. पण त्याआधी तुम्ही लिहा. कायदा तुमचा, शब्द तुमचा, आणि थांब म्हणालात तेही तुम्हीच. मी थांबले, ते माझं मी बघेन."

शालन दारात उभी राहून ऐकत होती. तिला मी सगळं सांगितलं, शून्याच्या रकान्यापासून. ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"त्या लिंडक्विस्टला अकराशे शब्द लिहिलेत ना," ती म्हणाली. "मग हिला चार ओळी लिहायला काय झालं?"

मी लिहिलं.

'मार्लीनबाई, वॉल्टर म्हातारपणानं झोपत नव्हते. निवासात त्यांना दुपारी गुंगीच्या गोळ्या देत होते. ऋजुताला ते कळलं होतं. तुमचं मत जाईल म्हणून ती गप्प बसली. तिनं मला विचारलं, तेव्हा मी तिला थांबायला सांगितलं. वॉल्टर पडण्याआधी तीन आठवडे मला हे माहीत होतं, आणि त्या तीन आठवड्यांत मी तुम्हाला पुलांबद्दल विचारलं. कायद्यातला शून्याचा रकानाही मी तुमच्याआधी पाहिला होता. तुमचा धागा मी बंद केला, कारण तुमचं बरोबर होतं. तुम्ही शब्दाचा अर्थ विचारलात. भीड म्हणजे हे. ऋजुताची सही मागे घ्यावीशी वाटली तर तुम्हाला कारण द्यावं लागणार नाही. तो नियमही माझाच आहे. पण कारण असावं, म्हणून हे लिहितो आहे.'

वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर पुसलं असतं.

सोमवारी ऋजुता तक्रार द्यायला गेली तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर मार्लीन उभी होती, असं ती म्हणाली. शाळेच्या बसवर घालायची ते पिवळं जाकीट घालून. दोघी आत गेल्या. पुढे तपासणी झाली, गोळ्या थांबल्या, दोन म्हाताऱ्या आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जातात. निवासानं वाद नोंदवला आणि मार्लीनचं मत दोन वर्षांसाठी बंद झालं. नोव्हेंबरात निवडणूक झाली तेव्हा ती मतदान केंद्रावर गेली, रांगेतल्या लोकांना थर्मासमधून कॉफी दिली आणि घरी परत आली. हे मला ऋजुतानं सांगितलं. मार्लीन माझ्याशी बोलत नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. फोरमवरून ती निघून गेली. तिच्या नावापुढे प्रीतिसंगमाचा फोटो होता, तिथे आता करडं वर्तुळ आहे. तिचा धागा मी पुन्हा उघडला, सगळ्यात वर तो रकाना लावला आणि खाली माझं नाव घालून सगळं लिहिलं. तीन वर्तमानपत्रांना पाठवलं. एकानं छापलं. लिंडक्विस्टांचं पत्र आलं की निष्कर्षात चूक नाही, दंगली खरोखरच कमी झाल्या आहेत. कायदा आणखी दोन राज्यांत झाला आहे. वाचनालयात मी सूचनावही टेबलावरून उचलून जिन्याखाली ठेवायला सांगितली, जिथे लिहिणारा कोणाला दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात सात तक्रारी आल्या आणि त्यातल्या चार माझ्या काळातल्या होत्या.

ऋजुताचा फोन रविवारी येतो, पुन्हा तासभर चालतो. तूरडाळ, बूट, नवा मॅनेजर. शालन म्हणते, "बरं, पुढे?" मी ऐकत राहतो आणि शेवटी एकच विचारतो, दर रविवारी तेच. सही आहे ना अजून?

आहे, ती म्हणते. मार्लीननं सही मागे घेतलेली नाही. कारणही दिलेलं नाही.